तुतीच्या खोडाचं आठ माणसांचं टेबल

४ मार्च, सकाळ
परसातली तुती परवाच्या वादळात पडली. घर बांधलं त्या वर्षी हिच्या वडिलांनी लावलेली. लाकूडवाला खोड जळणासाठी न्यायला आला होता, त्याला दारातूनच परत पाठवला. खोडाच्या फळ्या मी स्वतः कापणार आणि आठ जणांचं डायनिंग टेबल करणार. सासरे ३० तारखेला राहायला येताहेत. स्वतः लावलेल्या झाडाच्या टेबलावर जेवतील. बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. आता म्हणावंच लागेल.
हिला सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, नुसती एक वस्तू झाली तरी पुरे. एक! घरातूनच हा विश्वास.
(अक्षर हलतंय, कारण सध्याचं टेबल डगमगतं. पायाखाली काहीतरी सरकवा, असं ही वर्षभर सांगतेय. तात्पुरती मलमपट्टी माझ्या स्वभावात नाही.)

५ मार्च
चेनसॉ आणला. सोबत लोखंडी चौकट. ती खोडावर ठेवायची, सॉ तिच्यात अडकवायचा, की हव्या त्या जाडीची फळी निघते. तीन व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस गप्पा मारत कापतो.
सुताराला विचारलं, ही चूक झाली. म्हणाला, लाकूड ओलं आहे, फळ्या सावलीत रचून इंचाला एक वर्ष या हिशेबाने सुकवाव्या लागतात. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर दुसरं काय सांगणार बिचारा!

७ मार्च, दुपार
सकाळी पाऊण तास सॉ चालवला. धूर भरपूर, फळी शून्य. चेन उलटी बसवली होती. व्हिडिओत हे ठळक सांगायला हवं होतं. शेजारच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी कुंपणावरून विचारलं, आग लागलीय का. उत्तर दिलं नाही.
चेन सुलट केल्यावर फांदीच्या एका खुंटावर ट्रायल घेतली. पंजाएवढा तुकडा पडला. एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखा पातळ. मुद्दामच तसा कापला, हाताला अंदाज यावा म्हणून. हिने तो उचलून घरात नेला. वडिलांची आठवण म्हणून असेल. हळवी आहे.

८ मार्च
आजचं अक्षर बघावं! एक ओळ हललेली नाही. अंगमेहनतीने माणूस आतून स्थिर होतो, हे लोकांना कळत नाही.

१० मार्च
पहिला काप सरळ जावा म्हणून खोडावर शिडी बांधायची असते, तिच्यावरून चौकट सरकते. बांधली. एक फळी निघाली आणि शिडीच्या दोन पायऱ्याही निघाल्या. शिडी हेडमास्तरांची. ते कुंपणापाशीच होते. आजही उत्तर दिलं नाही.

१२ मार्च
खोडात खिळा! चेनचे निम्मे दात गेले. जिवंत झाडात सहा इंची खिळा ठोकणारा गाढव कोण, असं मोठ्याने विचारलं. ही म्हणाली, कपड्यांच्या दोरीसाठी तुम्हीच ठोकला होतात, बाबा नको नको म्हणत असताना. हिला नको तेवढंच बरोबर आठवतं.

१७ मार्च
एकूण चार फळ्या. एकीसारखी दुसरी नाही. हातकामाची हीच तर खूण. आठ जणांचं टेबल हल्ली कोण वापरतं? चौघांचं करतोय.
फळ्या गच्चीवर कडक उन्हात टाकल्या. सुताराचं एक वर्ष मी चार दिवसांत बसवतो.

२१ मार्च
फळ्या वाकल्या. टोकं उकलली. दोन तर पाळण्यासारख्या झुलताहेत. वर दगड ठेवून सरळ करायला गेलो, तर एक तडकली. आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत. सुतार नेमका रस्त्याने जात होता. वर बघितलं आणि काही न बोलता गेला. त्याची ही न बोलायची पद्धत मला अजिबात आवडत नाही.

२४ मार्च
टेबल रद्द. बाक. बाकाला काय, थोडा बाक असतोच.

२६ मार्च
बाकही रद्द. तीन पायांचं स्टूल. तीन पायांवर कुठलीही वस्तू डगमगत नाही. हे शास्त्र आहे.

२७ मार्च
स्टूल डगमगलं नाही. सरळ पडलं. वर मी होतो.

२८ मार्च
कंबर शेकत पडलोय. ही म्हणाली, आता पुरे, मला हवं होतं ते झालंय. सांत्वन! मला सांत्वन नको, टेबल हवंय.
हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. झाड पडलं तेव्हा निदान खोड तरी शाबूत होतं. आता भुसा आहे. लाज वाटते.
पण भुसा कुंड्यांना उत्तम.

३० मार्च
सासरे आले. आधी परसात गेले, एकटेच. भुशाच्या ढिगापाशी बराच वेळ उभे होते. मी जाऊन लाकूड सुकवण्यातल्या अडचणी समजावल्या. हं म्हणाले.
चहा जुन्याच टेबलावर. कप काठोकाठ. सासरे म्हणाले, हे डगमगायचं ना? मी हलवून पाहिलं. हलेना. रोज इथेच बसून लिहितो, पण लक्षातच आलं नव्हतं. सासरे खाली वाकले, ब्याऐंशीव्या वर्षी. टेबलाच्या पायाखाली पाचर होती. तिच्यावर अंगठा फिरवून म्हणाले, तुती. ही म्हणाली, ह्यांनीच कापली, पहिल्याच दिवशी, मी नुसती सरकवली.
सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, शाबास, अगदी मापात आहे.
म्हणजे काम सात तारखेलाच झालं होतं. पुढचे तेवीस दिवस मी काय करत होतो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर दिलं नसतं.

३१ मार्च, सकाळ
अक्षर हलतंय. शाबासकी मिळालेली वस्तू अशी ओबडधोबड बरी दिसत नाही, म्हणून पाचर घासून पॉलिश करायला काढली. तेवढ्यात सासऱ्यांचा चहा त्यांच्या मांडीवर. ही म्हणाली, होती तशी ठेवा आणि पुन्हा हात लावू नका.
ठेवली. उलटी. हिने सुलट केली.