रिकामी गाडी, बसच्या मागं

नागपूर, ३ नोव्हें. २०२५

आद. आबाजी,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तर काल फोन कटला तिथूनच सुरू करते. ती गाडी खरोखर आपोआप चालणारी नाही. माझी वर्गमैत्रीण मिनल चालवणार आहे. पण तुम्ही आठवडाभर असं धरायचं का समोर कोणीच नाही. पुढं बिना ड्रायव्हरच्या गाड्या आल्या तर लोकं किती फिरतील, बस सोडतील का, रस्ते किती लागतील, हे आम्ही प्लॅनिंगवाले आत्ताच शोधून राहिलो. माझा फायनलचा प्रोजेक्ट हाच आहे.

तुम्हालेच काहून, तर दूरचं दिसत नाही म्हणून तुमचं लायसन गेलं, स्कूटर गेली, अन् वर्ष झालं तुम्ही कॉलनीच्या गेटाबाहेर नाही. तीस वर्षं प्लांटची स्टाफ बस चालवलेला माणूस टीव्हीच्या बातम्यांशी भांडत बसतो, मले पाहवत नाही. अंकुशकाकाले मले घेऊन चाल म्हणायले तुम्हाले जड जाते. या गाडीले म्हणता येईल.

नियम दोनच. मिनलशी बोलायचं नाही, ती मशीन आहे. अन् प्रत्येक ट्रिप फॉर्मात लिहायची. गाडी रिकामीही पाठवता येते. आजीले सांगा, मशीनले जेवू घालत नसतात.

माया आहेच, सोबत डेटाही येऊ द्या.
तुमची रोशनी

खापरखेडा, ६ नोव्हें.

चि. रोशनीले जयभीम अन् आशीर्वाद.

फॉर्मातला चौकोन माशीएवढा आहे, म्हणून जाड पेननं पत्रच लिहून राहिलो. ते द्यायले गाडी नागपूरले रिकामी धाडतो. ही ट्रिपही मोजून घे.

तुझी आजी गाडीवर लई खुश आहे वं. मंगळवारी तिनं कन्हानले बहिणीकडं पाटवड्यांचा डबा धाडला, माणूस नाही, नुसता डबा. झाकण इथंच राहिलं, तर मंग झाकण धाडलं. बहीण म्हणे रिकामा डबा परत कसा देऊ, तिनं लोणचं भरलं. आता लोणच्याची बरणी रिकामी कशी द्यावी म्हणून इकून चिवडा गेला. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून गाडी रिकामी धावून राहिली.

काल नागपूरले इतवारी बाजारात गेलो. हातगाड्या अन् टेम्पोत गाडी उभी कुठं करता? आजीनं हुकूम दिला, फिरत राह. तिले एक पातेलं पसंत पडेपर्यंत गाडीनं अकरा चकरा मारल्या. तुझ्या आजीसारख्या चार तुळसाबाई निघाल्या तर इतवारी बंद पडन, तुझ्या प्लॅनिंगात लिहून ठेव.

जेवणाचं म्हणशील तर आजी भाकर अन् झुणका बोनेटवर ठेवते अन् तोंड फिरवून उभी राहते. म्हणे मी दिलं नाही, फक्त ठेवलं. नियम मोडला तो मी. चढावर गाडी तिसऱ्या गिअरात रडून राहिली होती, मले ऐकवलं नाही. मशीनले दोन शब्द बोललो. मशीन सॉरी म्हणे.

जीव लावून राह, अन् गाडी लवकर परत धाड.
तुझा आबाजी, देवराव

नागपूर, ११ नोव्हें.

आद. आबाजी, जयभीम.

गाडी परत आली, अन् मिनल जाड होऊन आली. आधीच्या आठवड्यात तुमच्या घरचा प्रवास चौदा किलोमीटर होता, या आठवड्यात सहाशे बारा. त्यात अर्ध्याच्या वर रिकामी गाडी. सर म्हणे, म्हणजे बसचे दिवस संपले. मी तसा रिपोर्ट लिहायलेही बसली.

पण गाडीच्या जीपीएसात एक गडबड दिसते. शुक्रवार ते सोमवार, रोज सकाळी नऊ दहाले गाडी तुमच्या स्टँडवरून नागपूरले आली, बसच्या वेगानं, बसच्या प्रत्येक थांब्यावर थांबत. उद्देशाचा चौकोन कोरा. मिनलले विचारलं तर म्हणे मी मशीन आहे, मले बोलायची मनाई आहे. तिले झुणक्यानं फितवलं दिसते. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा आहे. कुठं जात होते तुम्ही?

हे पत्र कामानं इकडं आलेल्या अंकुशकाकाच्या हाती देते, उत्तरही त्याच्याच हाती द्या. रागावू नका, प्रेम कमी करू नका.
रोशनी

खापरखेडा, १२ नोव्हें.

चि. रोशनीले आशीर्वाद.

चौकोन भरतो. मी बसमध्ये होतो. गाडी रिकामी मागून येत होती.

गाडीत कोणी बोलत नाही, तुझाच नियम. बसमध्ये जुना दोस्त विश्वनाथ भेटते, ड्रायव्हरच्या मागची सीट भेटते. मंग वर्षभर काहून नाही गेलो, ते ऐक, अन् आजीले सांगू नको. गेल्या सालच्या दिवाळीत नागपूरची समजून मी सावनेरच्या बसमध्ये बसलो. पाटी दिसली नाही. कंडक्टर ओळखीचा निघाला, विचारे देवराव, सावनेरले काहून? म्हटलं काम आहे. मंग सावनेरले उतरून दोन तास काम असल्यासारखा फिरलो अन् एक झाडू घेऊन आलो. झाडूसाठी सावनेर काहून, हे आजी आजही विचारते.

स्टँडवर सारे मले ओळखतात. बस चालवणारा माणूस कोणाले विचारन, ही बस कुठली गा? नागपूरची बस आली का मिनल दोनदा हॉर्न वाजवे, इतकंच. आता हॉर्न गेला. आज सकाळी गेलो, दोन बस सोडल्या अन् घरी आलो.

रिपोर्टात नाव टाकू नको. बाकी तुझी माया आहे तशी राहू दे.
आबाजी

नागपूर, १४ नोव्हें.

आद. आबाजी, सप्रेम जयभीम.

बसचे दिवस संपले, ते वाक्य खोडलं. लिहिलं, गाडी सहाशे बारा किलोमीटर फिरली, पण एका जाणकार प्रवाशाच्या कामाचे त्यातले फक्त दोन हॉर्न होते. बिना ड्रायव्हरची गाडी येईल तेव्हा येईल, आधी बसनं थांब्यावर आपलं नाव सांगावं. नाव टाकलं नाही, झाडूही टाकला नाही.

सर म्हणे एका माणसावरून शहर ठरत नाही, आठ दिवस करून दाखव. म्हणून मी अन् मिनल नऊ दहाच्या बसच्या कंडक्टरले भेटलो. तो दाराशी छोटा स्पीकर लावायले तयार आहे. आवाज तुमचा पाहिजे. रविवारी रेकॉर्ड करायले येते, मिनलही येते, आता तिच्याशी बोलता येते. सोमवारी स्टँडवर तुमचीच बस तुम्हाले आवाज देईल.

फक्त शब्द ठरत नाहीत. नुसतं नागपूर म्हणावं, का चला जी, नागपूर आहे, सावनेर नाही? तुम्हाले काय वाटते?

तुमची रोशनी