बिनकापलेलं अंडं

१२ जानेवारी १९७५
आलो एकदाचा भिवंडीला! खाली यंत्रमाग, वर माझी खोली. चहाचा कप आपोआप हलतो, साखर ढवळायला नको. कॉलेजने प्राणिशास्त्र शिकवायला घेतलंय, वर अंडी उबवायची पेटीही दिलीय. बायको, कमळ, पडघ्याला माहेरी, सहावा महिना. बाळंतपणाआधी चार दिवस इथे राहून जाणार. आपली स्वारी खुशीत आहे.

२० जानेवारी
खारबाव गावच्या कोंबड्या पाळणाऱ्या काशीबाईंकडून अंडी आणली होती. चार दिवस उबवून आज कवचांना खिडक्या पाडल्या. आत पंख म्हणजे नुसता कोंब. त्याच्या मागच्या कडेच्या पेशी शेजारणींना खुणावतात, तू हे बोट हो, तू ते हो. त्या निमूट ऐकतात. मी त्या खुणावणाऱ्या पेशी उचलून पुढच्या कडेला बसवल्या आणि खिडक्या मेणाने बुजवल्या. आता आरशात दिसावीत तशी उलटी बोटं जोडीला फुटायला हवीत. त्या पेशींनी हात भरलेला असतानाच सुई अंगठ्याजवळ घुसली, तेवढंच गालबोट.

२२ जानेवारी
सकाळपासून वीज नाही, पेटी गार. अंडी भुशात घालून खारबावला धावलो. काशीबाईंची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. माझी अंडी तिच्याखाली घालायला त्या तयार होईनात. “मास्तर, फोडलेलं अंडं साबूत अंड्यात न्हाय ठेवत आमी. येकाचं बगून दुसरं बिगडतं.” मला हसूच आलं. पेशींची खूण केसभर अंतर जेमतेम ओलांडते, कवच कुठली ओलांडणार, असं समजावून मी सगळी एकत्र घातली.

३० जानेवारी
अंडी उघडली. माझ्या अंड्यांत जोडबोटं आली, नाचावंसं वाटलं. मग काशीबाईंचं एक बिनकापलेलं अंडं तुलनेसाठी फोडलं. त्यातही तेच. दुसऱ्यात तेच. सगळ्यांत. काशीबाईंनी कोंबडीवर पाटी पालथी घातली. मी घाबरलो आहे.

२ फेब्रुवारी
सुई घुसली होती तिथे कोंब आलाय. डॉक्टर म्हणाले, चामखीळ. चामखिळीला नख येतं का?

४ फेब्रुवारी
करंगळी आहे ती. अंगठ्याच्या बाहेर, उलटी. खालचा लूमवाला रामू परवा जिन्यात घसरला, मी हाताला धरून उठवलं. आज स्वतःचा अंगठा दाखवत विचारत होता, ये क्या निकला मास्तर. कोंबडीखाली अंडी एकमेकांना टेकलेलीच होती — नुसतं टेकलं तरी पुरतं — 

५ फेब्रुवारी
कमळला तार केली, येऊ नकोस. कारण काय लिहिणार? ताप चढतोय. हात फडक्यात गुंडाळून ठेवलाय. करंगळीशेजारी आणखी एक — देवा, बाळापर्यंत हे जाऊ देऊ नकोस.

६ फेब्रुवारी
कमळ आलीय. तार मिळायच्या आधीच निघाली, पहिल्या एसटीने. मी तापात, शुद्ध नव्हती — जागा झालो तर ती उशाशी, फडकं सैल, ती बोटं बाहेर. पांघरुणाआड आहेत, तिला अजून दिसलेली नाहीत. म्हणते, तुम्ही झोपला होतात ना, तेव्हा तुमचा हात पोटावर धरून ठेवला, बाळाला बाबा कळावेत म्हणून. हसतेय. म्हणते, अहो, कालपर्यंत एकाच कुशीला लाथ बसायची, आता दोन्हीकडून एकदम —