कमलम्माचं परतीचं तिकीट

मी, सोमशेखर शिवप्पा तोळणूरे, वय वर्षे एकोणसत्तर, टॉवेल-निर्यातीच्या धंद्यातला निवृत्त विक्री अधिकारी, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दटावलेलं नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावायला घरात आता कोणी नाहीच. डॉ. ऋतुजा वाघमोडे यांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. पुढचा मजकूर वाचून माझा मेहुणा गुरुशांत 'दाजींचं डोकं फिरलं होतं' असं म्हणणार, म्हणून दाखल्याचं आधी सांगून टाकलं.

कलम १. भवानी पेठेतलं राहतं घर माझी एकुलती एक मुलगी धनलक्ष्मी, सध्या राहणार व्हँकूवर, कॅनडा, हिला द्यावं. तिने ते विकलं तरी माझी हरकत नाही. मात्र स्वयंपाकघरातली भाकरीची काटवट आणि तवा विकू नये. ते तिच्या आईचे आहेत.

कलम २. बँकेत जे काही आहे ते पासबुकात आहे. आकडे लिहीत बसत नाही. सगळं धनलक्ष्मीचं.

कलम ३. टॉवेलचा गोल तुकडा कापून वजन काढायचा माझा कटर आणि छोटा काटा रंगखात्यातल्या सिद्रामप्पाला द्यावा. तीस वर्षं मी त्याच्या रंगात खोट काढत आलो. एकदा भर कारखान्यात त्याला 'आंधळा' म्हणालो आणि नंतर कळलं की नमुना माझाच चुकीचा होता. माफी मागायची राहून गेली, ती इथे मागतो.

कलम ४. माझी निळी चाकांची बॅग गुरुशांतला द्यावी. दर सणाला पाटावर बसून तो म्हणायचा, "दाजी विमानातून जग फिरालालेत, आणि अक्का इथं नळाला पाणी कधी येतंय बघत बसालालीय." बॅग घे आणि कुठंतरी जाऊन ये बाबा. तू म्हणत होतास ते खरं होतं, म्हणूनच मला एवढं झोंबायचं.

कलम ५. आता मुख्य मुद्दा. विमानकंपनीच्या खात्यात जमलेले माईल्स वारसाला देता येत नाहीत, असा कंपनीचा नियम आहे. खातेदार गेला की खातं बंद आणि माईल्स बुडाले. म्हणून इथे माईल्सचं वाटप करत नाही, फक्त त्यांचं काय झालं ते लिहितो. धनलक्ष्मीला यातलं बरंच माहीत आहे, पण सगळं माहीत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विमानाने जेवढं उडावं तेवढे माईल्स साठतात आणि पुरेसे साठले की त्यावर तिकीट मिळतं, कर तेवढा आपण भरायचा. अडचण अशी की, ज्या कंपनीचे माईल्स तिचं विमान आपल्याला हवं तिथे जातंच असं नाही. मग तिच्या परदेशी भागीदार कंपनीच्या विमानात जागा मागायची. अशा जागा भागीदार दोन-चारच सोडतो, त्याही वर्षभर आधी, आणि पुष्कळदा त्या वेबसाइटवर दिसतही नाहीत. तासभर फोनवर वाजंत्री ऐकायची, पलीकडच्या बाईला गोडीगुलाबीने पटवायचं, तेव्हा कुठे जागा हाती लागते. या कामात सोलापूर जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे गर्वाने लिहितो.

टॉवेलच्या प्रदर्शनांसाठी मी अठ्ठावीस वर्षं उडालो. मालकाने उद्या 'कंपनीच्या खर्चाने उडलास, माईल्सही कंपनीचे' असं म्हणू नये, म्हणून मी कुटुंबाचं खातं उघडलं आणि बायकोला, कमलम्माला, त्याची प्रमुख केलं. सगळे माईल्स तिच्या नावावर. ती एकदाही विमानात बसली नव्हती. "तुमचं ते माईल्स का काय, ताटात वाढून जेवता येतंय का ओ?" असं विचारायची. मी म्हणायचो, "थांब की, एकदम लांब नेतो तुला." आणि ती थांबायची.

शेवटी २०२३च्या डिसेंबरची दोन तिकिटं काढली, धनलक्ष्मीकडे जायची, भागीदार कंपनीच्या विमानातून, दोघांची एकाच बुकिंगवर. कमलम्मा एवढंच म्हणाली, "खिडकी मला पायजे, आधीच सांगून ठेवते." तिला ३१ ए दिली, मी ३१ बी घेतली. निघायला अकरा दिवस असताना धुणं वाळत घालताना ती गच्चीवर बसली ती उठलीच नाही. लिंगैक्य झाली. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीसकट तिच्या तळहातावर ठेवलं आणि शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली.

कलम ६. माझा गुन्हा. कमलम्मा गेल्याचं मी विमानकंपनीला कळवलं नाही. कळवलं असतं तर खातं बंद आणि माझंही तिकीट रद्द. तिकडे पोर आईसाठी ओक्साबोक्शी रडत होती, मला जायचंच होतं. म्हणून तोंड मिटून निघालो.

आदल्या दिवशी घरबसल्या चेक-इन केलं. मी कायम 'सर्व प्रवासी' वर टिचकी मारतो. सवयीने तीच मारली, आणि दोन बोर्डिंग पास छापून आले. टॉवेलच्या नमुन्यांचे कागद टाचायची खोड हाताला, तसे दोन्ही टाचले. विमानाच्या दाराशी तो जोड पुढे केला. तिथल्या मुलीने मान वर न करता एक स्कॅन केला, उलटून दुसरा स्कॅन केला आणि "हॅव अ नाइस फ्लाइट" म्हणत परत दिला. माझ्या मागे कोण उभं आहे असं तिला वाटलं असेल? मी मागे वळून पाहिलं नाही. इथवर सगळी माझीच चूक, त्यात नवल काही नाही.

खिडकीची सीट रिकामी होती. विमान सुटल्यावर हवाई सुंदरीने आमची आधी नोंदवलेली दोन शाकाहारी ताटं आणली आणि दोन्ही मांडून गेली. मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा शेजारचं ताट संपलेलं होतं, फक्त मैद्याची रोटी तशीच पडली होती. कमलम्माने जन्मात मैद्याला हात लावला नाही. त्या सीटचा पट्टाही बांधलेला होता. तो मी बांधला नव्हता.

महिन्याने मी एकटा परत आलो. तिच्या परतीच्या तिकिटाचे माईल्स परत मिळतात का हे विचारायला फोन केला. फोनवरची बाई म्हणाली, "सर, मॅडमचा जातानाचा प्रवास पूर्ण झालाय. विमानात त्या चढल्याची नोंद आहे. परतीला मात्र त्या आल्या नाहीत." मी विचारलं, "म्हणजे त्या कुठे आहेत?" ती म्हणाली, "आमच्या रेकॉर्डप्रमाणे व्हँकूवरमध्ये, सर."

कलम ७. त्यानंतरचं. धनलक्ष्मीचे फोन यायला लागले. "अप्पा, घरात कुणीतरी हाय असं वाटतंय." आधी मी तिला रागावलो. मग माझी नात शर्वाणी बोलायला लागली. आमच्या घरची बोली कन्नड, पण जावईबापू पुण्याकडचे, त्या घरात मराठी आणि इंग्रजी सोडून काही बोलत नाहीत. धनलक्ष्मी शपथेवर सांगते की तिने पोरीला कन्नडचा एक शब्द शिकवलेला नाही. आणि तीन वर्षांची पोर रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणते, "अज्जी, बा." बा म्हणजे ये. अज्जीच्या गळ्यात चांदीची डबी आहे, ती उघडून दाखवत नाही म्हणून पोर रुसते. ती डबी कमलम्माच्या लिंगाची. ती मी माझ्या हाताने मातीत ठेवली आहे.

मी लई घाबरलो. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. जिने गावाबाहेर पाऊल टाकलं नाही त्या बाईला मी परमुलखात, बर्फात सोडून आलो. भाकरी नाही, ओळखीचं माणूस नाही. तिला परत आणायचं मी ठरवलं.

तिच्या खात्यातूनच तिच्या नावाचं व्हँकूवरहून इकडचं एकेरी तिकीट काढलं. भागीदाराची जागा मिळवायला सकाळचे दोन-दोन तास फोन धरून बसलो. खिडकीची सीट, चेक-इन सगळं केलं. दोनदा कंपनीचा निरोप आला: प्रवासी हजर नाही. तिसऱ्या वेळी मी धनलक्ष्मीला म्हणालो, "तू विमानतळावर जा. दाराशी नुसती उभी राहा आणि सांग तिला, अप्पा वाट बघालालेत." पोरीला लाज वाटत होती, तरी ती गेली. शर्वाणी बाबागाडीत होती. धनलक्ष्मीने मला व्हिडिओवर घेतलं. मी तिथूनच म्हणालो, "कमल, चल घरी." शर्वाणी बाबागाडीच्या शेजारी वर बघत होती. मग माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "ओल्ले." ओल्ले म्हणजे नको. आणि लगेच पुढे, "नीव बर्री, ऊटा माड्री."

तुम्ही या, जेवायला बसा, असा त्याचा अर्थ. कमलम्मा चाळीस वर्षं दुपारी मला याच शब्दांनी हाक मारायची. धनलक्ष्मीने फोन खाली केला, ती रडत होती. मीही रडलो.

कलम ८. म्हणून मला जे हवं आहे ते मी स्पष्ट लिहितो. गेल्या महिन्यात छातीत दुखलं तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. मला तिच्या शेजारी माती मिळेल, रीतीप्रमाणे बसवतील, तोंड तिच्या बाजूला करतील, आणि ती तिथे नसेल. ही भीती मला जेवू देत नाही. आयुष्यभर तिने माझी वाट पाहिली. आता तसं बसून राहायची पाळी माझी येईल, आणि मला ते जमणार नाही.

कलम ९. सबब माझी धनलक्ष्मीला आज्ञा आहे. मी गेल्याचं कोणालाही, विशेषतः विमानकंपनीला, कळवण्याआधी तिने आईच्या खात्यातल्या उरलेल्या माईल्सवर माझ्या नावाचं व्हँकूवरचं एकेरी तिकीट काढावं. पासवर्ड देवघरातल्या पाकिटात आहे, तो माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. जागा वेबसाइटवर दिसणार नाही, फोन करावा, चिडू नये. चेक-इन करावं, बोर्डिंग पास आमच्या पेठेतला भुसार दुकानदार चनबसप्पा याच्याजवळ द्यावा. त्याने विमानतळावर त्याच विमानाच्या कोणत्याही प्रवाशाच्या कागदांना तो टाचून द्यावा. पुढचं आमचं आम्ही बघू.

सही करण्यापूर्वीची भर. वरचा मजकूर लिहून झाला आणि साक्षीदार येऊन बसले, तेव्हा फोनवर विमानकंपनीचा निरोप आला. चष्मा लावून तीन वेळा वाचला, डॉक्टरांनाही वाचायला दिला. भागीदार कंपनीच्या विमानात माझ्या नावाचं तिकीट निघालं आहे. जायचं आहे, यायचं नाही. तारीख चौदा डिसेंबर. माईल्स कमलम्माच्या खात्यातून वजा झाले आहेत. सीट ३१ बी. ३१ ए आधीच घेतलेली आहे.

हे तिकीट मी काढलेलं नाही. धनलक्ष्मीला आत्ता फोन केला, तिनेही काढलेलं नाही. तिकिटावर जेवणाच्या रकान्यात 'बिनमिठाचं' असं लिहिलं आहे. मीठ बंद करायचं डॉ. ऋतुजा यांनी मला आज सकाळीच सांगितलं, दार लावून, आणि मी ते अजून कोणालाही बोललो नव्हतो.

सबब कलम ९ रद्द समजावं. चनबसप्पा म्हणतो, "तिकीट कॅन्सल करून टाका की, मालक." रद्द करायला चोवीस तासांची मुदत आहे, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं कळतं. मी रद्द करणार नाही. धना, तू घाबरू नकोस आणि शर्वाणीला घाबरवू नकोस. चौदा तारखेनंतर माझ्या वाटणीचं पान मांडत जा.

हे सगळं मी समजून-उमजून लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे करायला वेळ मिळेल असं दिसत नाही.

सही: सोमशेखर शिवप्पा तोळणूरे

साक्षीदार १: डॉ. ऋतुजा वाघमोडे. लिहिणारे पूर्ण शुद्धीत होते. मिठाबद्दल मी कोणाशीही बोललेले नाही, हे माझ्या सहीने नमूद करते.

साक्षीदार २: चनबसप्पा कलशेट्टी, भुसार दुकान, भवानी पेठ. फोनवरचं तिकीट मी डोळ्यांनी बघितलं.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: २५ नोव्हेंबर २०२५