शाळेत निघालेलं वऱ्हाड

नामुली वहिनी,

ज्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने तुला नेलं, त्याची लस आज तुझ्या लेकीच्या, नालवोगाच्या शाळेत होती. शेजारणी म्हणत, टोचलेल्या पोरींना मूल होत नाही. पोरीचं असलं सगळं आपल्यात आत्याच ठरवते, म्हणून साऱ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी लग्नाकार्यात घालतो तो रेशमी पायघोळ झगा, गोमेसी, घातला आणि पोरीला घेऊन निघाले.

वाटेत शेजारणींनी हटकलं, "नासोलो, कुणाचं लग्न गं?"

"हिचंच, पंधरा वर्षांनी. त्याला आधी पोरगी जगायला हवी ना? चला, वऱ्हाडात या."

हसत हसत निम्मी आळी आपापल्या पोरी घेऊन मागून आली.

हे पत्र कुठे टाकू? केळीच्या बागेत तुझ्या थडग्यापाशी वाचून दाखवीन. नालवोगा सांगतेय, "आईला लिही, अजिबात दुखलं नाही." खोटारडी, अजून दंड चोळतेय. अगदी तुझ्यावर गेलीय.

तुझी नणंद,
नासोलो