माळावरची जागा कुणाला द्यावी याबाबत

मी, सोनाली बिभीषण कोळगे, वय २४, बी.एस्सी., राहणार बेंबळी, ता. जि. धाराशिव, पूर्ण शुद्धीत आणि कुणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या सोमवारी सोलापुरात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. आई म्हणते, "असलं लिवू न्हाय, पोरी." पण घरात पदवी घेतलेली मीच पहिली. कागद नीट करून ठेवायची सवय मीच लावायची.

१. बँकेतली शिल्लक आणि शिलाई मशीन आईला, सिताबाईला.

२. दुर्बीण धाकट्या बहिणीला, शिवांजलीला. तिला बघायला आलेले पाहुणे तिने गच्चीवरून हिच्यातूनच बघितले होते. पुन्हा तसे करायला माझी हरकत नाही.

३. कॉलेजातल्या शिवकुमार सरांनी मला पक्षी ओळखायला शिकवले. त्यांनी दिलेले 'उत्कृष्ट निरीक्षक' हे प्रमाणपत्र त्यांना परत करावे. फ्रेम वडिलांनी करून आणली होती, ती काढून घ्यावी.

कारण लिहिते. मागच्या कार्तिकात मेंढरं राखणाऱ्या धुळाप्पा आबांनी मला माळावरची एक जागा दाखवली. हिवाळ्यात परदेशातून येणारे भोवत्या पक्षी तिथे सांजेला गवतात, जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. म्हणून आबा त्या तुकड्यात मेंढरं घालत नाहीत. दाखवण्याआधी त्यांनी भंडारा पुढे धरला. मी तो उचलून शब्द दिला की कुणाला सांगणार नाही.

त्रेसष्ट पक्षी मोजले. एकाच्या पायात अभ्यासकांनी घातलेले कडे होते. त्यावरचा क्रमांक कळवला की पक्षी कुठून आला ते समजते. तो वाचायला सरांची मोठी दुर्बीण हवी होती. मी सरांना नेले, आणि कुणाला सांगू नका म्हणाले. सर म्हणाले, "एवढा पण विश्वास नाही का?"

क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी सरांनी ती जागा नकाशासकट पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकली, 'माझा शोध' म्हणून. रविवारी अकरा गाड्या माळावर फिरल्या. उडतानाचा फोटो हवा म्हणून पक्षी गवतातून उठवले. आठवड्याने तिथे एकही उतरला नाही.

सरांना विचारले तर म्हणाले, "नोंद सगळ्यांची असते, सोनाली. तूच म्हणायचीस ना?"

मी म्हणायचे, हे खरे आहे.

आबा एवढेच म्हणाले, "भंडारा तू उचलला व्हतास. सरानं न्हाय." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

४. यंदा पक्षी दुसरीकडे उतरतात. पायात कडे असलेलाही त्यांत आहे. ती जागा मी एकटीने शोधली आणि ती फक्त माझ्या हिरव्या वहीत आहे. वही अभ्यासकांना द्यावी असे आधी लिहिले होते, ते रद्द करते. तो पक्षी परत आला हे सगळ्यांना कळावे असे मला आजही वाटते. तरी वही न उघडता धुळाप्पा आबांना द्यावी. त्यांना वाचता येत नाही. कुणाकडून वाचून घ्यायची की चुलीत घालायची, ते त्यांनी ठरवावे.

५. मी ऑपरेशनमधून नीट परत आले तर कलम एक ते तीन रद्द समजावीत. कलम चार रद्द होणार नाही. वही मी स्वतः घेऊन जाईन. आबा बोलले नाहीत तर मेंढरांच्या जाळीपाशी ठेवून परतेन.

सही: सोनाली बिभीषण कोळगे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
१) दीपाली धनाजी माने, मैत्रीण
२) शंभुलिंग स्वामी, शेजारी

ठिकाण: बेंबळी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५