सरपंचबाईची सही

अमरावती

माय, तुह्या रीताचा पाया पडून नमस्कार.

निता, हे पत्र आपल्या मायले एकटीलेच वाचून दाखवजो. फोन बाबाजवळ असते, म्हणून लिहून राह्यली.

मी बरी हाये. होस्टेलचं जेवण चांगलं हाये. तुह्ये गुडघे अजून दुखते काय?

परवा वर्गात सरकारचे प्रकार शिकवले. राजेशाहीत सत्ता राजाजवळ, हुकूमशाहीत धाक दाखवणाऱ्याजवळ अन लोकशाहीत लोकांजवळ. मी उठून सांगतलं, माही माय गावची सरपंच हाये. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

आज घरून रहिवासी दाखला आला. खाली तुह्या नावाची सही हाये, पण ती बाबाच्या हातची हाये. तुले सही मीच शिकवली, माय, चुलीपुढच्या राखेत बोट धरून. तुही सही लिहिता लिहिता खाली उतरत जाते. ही एका झटक्यात सरळ गेली.

होस्टेलच्या मॅडमनं विचारलं, आईचीच सही ना? मी हो म्हटलं.

बाबाले काही बोलू नको, उगाच घरात भांडण नको. फक्त या पत्राचं उत्तर नितानं लिहिलं, तरी खाली सही तू कर. कितीही वेळ लागू दे.

तुही,
रीता