क्लायंटचं औक्षण

सोमवार, ९ जून. सकाळी ९
कंपनीच्या गेटची काच फुटली. वॉचमन पुंजारामकाकांनी फोनवर दुजोरा दिला. दगडावर चुन्याने माझं नाव आहे म्हणाले.

कारण, टीममधल्या प्रेरणाची कालची पोस्ट. तिचं म्हणणं, क्लायंट आला की फक्त मुलींना नऊवारी नेसवून दारात औक्षणाला उभं करतात. मार्चमध्ये तिच्याच सॉफ्टवेअरचा डेमो होता. ती ताट धरून दारात, डेमो शिवमने दिला. प्रमोशनही शिवमला.

औक्षणाची आयडिया माझी. तिने नाव घालून क्रेडिट दिलं, एवढं मान्य केलं पाहिजे.

संकल्प: शांत राहायचं. डिलिव्हरी मॅनेजरची जागा रिकामी आहे. ती मलाच.

संध्याकाळी
कॉमेंट वाचल्या. याला टॉवरला उलटा टांगा. याची बोटं तोडा. एकाने विचारलंय, आधी कोणतं. लोक विषयाच्या खोलात शिरतायत.
'टांगा'ला बायकोचं, रत्नमालाचं लाइक. चुकून अंगठा लागला असेल. तिला विचारलं. चुकून नाही म्हणाली.

मंगळवार, १०
क्रांती चौकात माझ्या पुतळ्याला जोडे मारले. लांबून पाहिलं. पोट फारच मोठं केलं होतं. बायका दमायच्या, पाणी प्यायच्या, परत मारायच्या. मुंडकं निघालं तेव्हा एकीने ते पिशवीत घालून नेलं. कशाला, कळलं नाही.
उद्यापासून वॉक.

बुधवार, ११
वॉक रद्द. लोक ओळखतील.
माझ्या बाजूनेही लोक आहेत. त्यांनी काल प्रेरणाच्या घरावर दगड टाकले. तिच्या आईच्या कपाळाला चार टाके. हे मला अजिबात पटलं नाही. कडक निषेध लिहिला. मग वाटलं, पाठिंबा म्हणून तेवढेच तर आहेत. ड्राफ्टमध्ये ठेवला.

गुरुवार, १२
प्लॅन पक्का. उद्या गेटवर संस्कृती बचाव सभा. प्रमुख वक्ती अजिंठ्याची वच्छलाआत्या. सत्तरी ओलांडली, पण स्पीकर लागत नाही. फोनवर सांगितलं, कंपनीतली एक पोरगी औक्षणाला नावं ठेवते. म्हणाली, कोण हाय ती, तंगडंच मोडते.
आतेभाऊ कडुबा टेम्पोभर पोरं आणतोय. म्हणाला, दादा, कोणाला हाणायचं तेवढं दाखीव. मी म्हटलं, लोकशाही मार्गानं जायचं. व्हय म्हणाला, त्याच मार्गानं हाणू.

शुक्रवार, १३. दुपारी
सुरुवात उत्तम. प्रेरणा गेटबाहेर एकटीच उभी. पोस्टपासून तिला आत घेत नाहीत. आत्या थेट तिच्यासमोर. मी लाइव्ह व्हिडिओ चालू केला.
आत्याने विचारलं, का गं, ओवाळायची लाज वाटती का? ती म्हणाली, नाही आजी, भावाला ओवाळते की दर दिवाळीला. मग हितं कोणाला? ती म्हणाली, येईल त्याला, ओळख ना पाळख. मागच्या वेळी एकाने ताटातलं कुंकू घेऊन माझ्याच गालाला फासलं. सगळे हसले.
आत्याने माझ्याकडे बोट केलं. ह्यो पण?
त्यांनीच फोटो काढला, म्हणाली.
फोटो खरंच छान आला होता. तसं मी सांगितलंही.
आत्याने चप्पल कधी काढली, दिसलं नाही. पुढचा व्हिडिओ हललाय. कोणाला हाणायचं, हे कडुबाच्या पोरांना एकदाचं कळलं. पण शिस्तीची पोरं. घरचा माणूस म्हणून डोळे तेवढे सोडले.

शनिवार, १४
दवाखाना. दोन फासळ्या, एक दात. टाके घालताना डॉक्टर मॅडमनी विचारलं, औक्षणवाले तुम्हीच का? अभिमानाने हो म्हटलं. भूल जरा उशिरा चढली.
व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिला.
कंपनीचा मेल: चौकशी होईपर्यंत मला कामावरून दूर ठेवलंय. म्हणजे चौकशी झाली की डिलिव्हरी मॅनेजर.

रविवार, १५
उद्या दहाला चौकशी समिती. पहिली साक्ष वच्छलाआत्याची, प्रेरणाच्या बाजूने. तोवर आत्याचा मुक्काम पुंडलिकनगरला, आमच्याकडेच, माझ्या पलंगावर. दुपारी प्रेरणाची आई कपाळाला पट्टी बांधून भेटायला आली. दोघी तासभर माझ्याविषयीच बोलत होत्या. चहा मी केला.
रिक्षात आत्याला मळमळतं. म्हणून स्कूटरवर मीच नेणार. रत्नमाला म्हणाली, खड्डे चुकवत हळू न्या, समितीपुढं त्यांचा आवाज नीट निघाला पाहिजे.